छातीच्या फोटोची पारख

‘छातीचा फोटो काढून आणा,’ असं डॉक्टर सहज सांगतात आणि आपणही सहज काढून आणतो. बटण दाबल्यावरचं काम सेकंदाच्या काही शतांश भागात संपतं. फोटोचा दर्जा मात्र त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत ठरतो, आणि तो ठरवतो टेक्निशियन. रिपोर्टवर सही रेडिओलॉजिस्टची असते, म्हणून या कारागिरीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

विल्हेल्म रॉन्टगेन यांना हे फोटो काढणारे एक्स-रे किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे. पुढच्याच महिन्यात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात हाडांबरोबर बोटातली अंगठीही उमटली. एक्स-रेमधली दागिन्यांची लुडबुड इतकी जुनी आहे! ट्यूबचं तत्त्व आजही तेच आहे. आजच्या ट्यूबमध्ये तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या तबकडीवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का किरणांत उतरतो, बाकी सगळी उष्णता होते. तबकडी एकाच जागी जळू नये म्हणून ती गरगर फिरत ठेवावी लागते.

टेक्निशियनच्या हाती मुख्यतः दोन आकडे असतात. ‘केव्ही’ म्हणजे किरण किती भेदून जाणार, आणि ‘एमएएस’ म्हणजे किती किरण सोडायचे. छातीसाठी केव्ही मुद्दाम चढा, साधारण ११० ते १२५ ठेवतात. त्यामुळे बरगड्या फिकट पडतात आणि त्यांच्या आडचं फुप्फुस दिसू लागतं. बरगडी मोडल्याची शंका असेल तर हाच आकडा उतरवायचा. शरीरात विखुरलेले किरण चित्र धुरकट करतात. ते गाळणारी शिशाच्या पट्ट्यांची जाळी गुस्ताव बकी यांनी १९१३ साली आणली, आणि एक्स-रेच्या खोल्यांमधून ‘बकी’ हा शब्द अजून चालतो.

खरं कसब आहे ते रुग्णाला उभं करण्यात. छाती प्लेटला टेकवायची आणि किरण पाठीकडून, सहा फुटांवरून सोडायचे. भिंतीजवळ धरलेल्या हाताची सावली हाताएवढीच पडते, बॅटरीजवळ नेला की ती फुगते. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं, ते प्लेटजवळ राहिलं तरच खऱ्या मापाचं दिसतं. आयसीयूमध्ये खाटेवरच्या रुग्णाचा फोटो समोरून आणि कमी अंतरावरून घ्यावा लागतो. त्यात हृदय मोठं दिसणारच, म्हणून तो कसा घेतला याची नोंद फोटोवर हवी. हात कमरेवर, खांदे पुढे ढकललेले, म्हणजे पाठीची फावडी फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मंगळसूत्र, ताईत, पिना काढायच्या. आणि वेणी डोक्यावर घ्यायची. ही वेणी फार फसवी. तिची सावली फुप्फुसाच्या शेंड्यावर पडते, आणि टीबीचे डाग शोधायची जागाही नेमकी तीच.

जाणता वाचक फोटोत आजार शोधण्याआधी फोटोच तपासतो. आधी नाव, तारीख आणि उजवी-डावीची खूण. काही माणसांचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं, खूण चुकली तर हे कळणार कसं? या खुणेची अक्षरं मागाहून माऊसने चिकटवायची सवय मला धोक्याची वाटते. शिशाचं अक्षर प्लेटवर लावूनच फोटो घ्यावा. मग गळ्याखालच्या दोन हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या उंचवट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का, हे पाहायचं. नसतील तर माणूस तिरका उभा होता, आणि एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं दिसतंय ते त्यामुळेच असू शकतं. नंतर श्वास. छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता आल्या, तर श्वास पुरता घेतला होता. अर्ध्या श्वासात हृदय रुंद दिसतं, फुप्फुसाचा तळ पांढुरका होतो आणि नसलेला न्यूमोनिया उभा राहतो. शेवटी हृदयाच्या आडून मणके अंधुकसे दिसायला हवेत. ते मुळीच दिसले नाहीत तर किरण कमी पडले. फार स्वच्छ दिसले आणि फुप्फुसं काळीठिक्कर झाली, तर किरण जास्त झाले आणि बारीक डाग गिळले गेले.

फिल्मच्या काळात ही शेवटची चूक डार्करूममध्येच पकडली जाई, कारण जादा किरणांची फिल्म काळी निघायची. डिजिटलमध्ये संगणक उजेड-अंधार आपोआप जुळवून घेतो. किरण कमी पडले तर चित्र रवाळ होतं आणि ओरडा बसतो. जास्त झाले तर उलट चित्र सुरेख येतं, कुणी काही बोलत नाही. मग हात हळूहळू जादा मात्रेकडे झुकतो. म्हणून किती किरण पोचले हे सांगणारा, संगणकाच्या पडद्यावरचा एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा पाहायला हवा. छातीच्या एका फोटोची मात्रा खूपच कमी, ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास असते, तर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही, पण विनाकारण दुसरा फोटो काढणं हा गलथानपणाच. भारतात एक्स-रे यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि किरण ठरल्या चौकटीतच पडतात ना, केव्ही खरा आहे ना, याची ठरावीक काळाने चाचणी करावी लागते.

एवढी बारकाई कशासाठी, याचं उत्तर २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात आहे. छातीचा एक्स-रे घेतला नसता तर त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. आता हातात धरायची यंत्रं गावोगाव पोचताहेत आणि फोटो वाचायला संगणकही आले आहेत. पण तिरक्या, अर्ध्या श्वासाच्या फोटोवर तेही चुकतात.

वाचकांना एवढंच सांगणं, की जुना एक्स-रे टाकून देऊ नका आणि नवा काढायला जाताना तो बरोबर न्या. डाग जुना की नवा, हे जुना-नवा एक्स-रे शेजारी लावल्यावरच कळतं. खिडकीवर धरून मोबाईलने काढलेल्या फोटोवर ते ठरवता येत नाही. आणि गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर कुणी विचारायची वाट न बघता खोलीत शिरण्याआधीच सांगा.