लाइट, कॅमेरा, बुऱ्हाणपूर!

फिल्म बनवायला शिकायचंय म्हणून मुंबईच्या गाडीचं रिझर्वेशन काढताय? थांबा! खिशात मोबाइल आहे ना? मग तापीकाठचं हे गाव म्हणजे तुमचा फुकटातला स्टुडिओ. चला, आधी 'रेकी'ला! म्हणजे शूटिंगआधी जागा बघून यायला. ऊन कुठून येतं, आवाज कुठून येतो आणि चहा कुठून येतो, हे तिन्ही आदल्या दिवशीच ठरलेलं बरं.

पहिला शॉट 'एस्टॅब्लिशिंग'. आपण कुठे आहोत, हे प्रेक्षकाला सांगणारा. पलीकडच्या झैनाबादच्या काठावर उभे राहा. फ्रेममध्ये खाली पाणी, वर शाही किल्ला. एक शब्द न बोलता गावाची ओळख झाली!

आता गंमत बघा. किल्ल्याच्या काठावरून नाव प्रवाहाबरोबर निघाली की डावीकडून उजवीकडे जाताना दिसते. तीच नाव झैनाबादच्या काठावरून टिपा, ती उजवीकडून डावीकडे जाईल! दोन्ही शॉट जोडले की प्रेक्षक म्हणणार, 'अरे, ही परत का फिरली?' यालाच म्हणतात '१८० डिग्रीचा नियम'. एकदा एक काठ धरला की सीन संपेपर्यंत सोडायचा नाही. पुस्तकात हा नियम समजायला तीन आकृत्या लागतात, इथे एक नदी पुरते.

'मॅच कट' माहीत आहे का? एका शॉटमधला आकार पुढच्या शॉटमधल्या तशाच आकारावर नेऊन टेकवायचा. उतावली नदीकाठी शाहनवाज खानाची कबर आहे. दोह्यांमुळे शाळेपासून ओळखीच्या असलेल्या रहीमचा हा मुलगा. गाव या कबरीला 'काळा ताजमहाल' म्हणतं. तिच्या घुमटावरून थेट आग्र्याच्या घुमटावर कट मारा! नातं नुसतं आकाराचं नाही. १६३१ मध्ये मुमताज महल याच बुऱ्हाणपुरात गेली. तिला आधी नदीपलीकडच्या आहूखान्यात दफन केलं होतं, मग आग्र्याला नेलं. इतिहासाला जे करायला सहा महिने लागले, ते एडिटर एका फ्रेममध्ये करतो. आणि फ्रेम म्हणजे केवढी? सेकंदाचा चोविसावा भाग!

'टॉप शॉट' हवाय? कुंडी भंडाऱ्यावर चला. १६१५ मधली ही भुयारी पाणीव्यवस्था. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून गावाकडे आणणारी, आणि वर हवा-उजेडासाठी कुंड्यांची रांग. काठावरून खाली मोबाइल धरला की टॉप शॉट. लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरून वर बघितलं की एकदम 'लो अँगल', आणि वरून पडणारा गोल उजेड म्हणजे तयार 'टॉप लाइट'. वीजबिल शून्य! (मोबाइलला दोरी मात्र बांधा. चारशे वर्षांचं पाणी आहे, त्यात काही पडू द्यायचं नाही.)

उजेडावरून आठवलं. सेटवर थर्माकोलचे पांढरे तक्ते धरून उन्हाचा उजेड नटाच्या चेहऱ्यावर टाकतात, तो 'रिफ्लेक्टर'. पण भारतीय सिनेमाच्या पहाटे हे काम कोणी केलं, माहीत आहे का? सरस्वतीबाई फाळके यांनी! दादासाहेबांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी त्या तासन् तास उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. शिवाय कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायची, फिल्म धुवायची आणि युनिटचा स्वयंपाकही करायचा. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला, आणि फाळके हे नाव घरोघरी गेलं. सरस्वतीबाईंचं नाव तितकं गेलं नाही. म्हणून रिफ्लेक्टर हातात घेणाऱ्या प्रत्येक नवशिक्याने पहिलं नाव त्यांचं घ्यावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि 'टाइमलॅप्स'? तोही फाळक्यांच्याच घरचा! १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी रोज थोडी थोडी फिल्म घेतली आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात पळवली. तुमच्याकडे तर मैलोन् मैल केळीच्या बागा. गुंडाळलेलं पान उलगडताना टिपा, वाटाणा लाजेल!

क्रेन नाही, ट्रॉली नाही, म्हणून अडलात? मालेगावकर नाही अडले! बुऱ्हाणपूरसारखंच पॉवरलूमचं गाव. तिथे नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' केला. त्यांच्या मंडळींनी सायकलीची 'ट्रॉली' केली आणि बैलगाडीची 'क्रेन'! बैल सोडलेल्या गाडीची मागची बाजू दाबली की पुढची दांडी वर जाते, हे शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. यांनी त्या दांडीवर कॅमेरा बघितला. पुढे या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी निघाली आणि देशोदेशी गाजली.

'प्लेबॅक' तर शेजारचाच! खंडव्याचे किशोरकुमार. 'हाफ टिकट' (१९६२) मधल्या एका युगुलगीतात पुरुषाचा आवाज त्यांचा, बाईचा आवाजही त्यांचाच. पडद्यावर प्राण आणि बाईच्या वेशातले किशोरकुमार!

शेवटी 'एक्स्ट्रीम क्लोजअप'. व्ही. शांताराम यांनी १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहनच्या एका डोळ्याने अख्खा पडदा भरून टाकला होता. आपण जलेबीने भरू! बुऱ्हाणपूरची मावा जलेबी, जी रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरही याच गावाच्या नावाने खपते. कढईशेजारी उभे राहा, पण वाफ लेन्सवर येणार नाही अशा बाजूने. फडक्यातून पडणारी जाड धार, तिचं वेटोळं, कडेने फुटणारे बुडबुडे, हळूहळू चढणारा तपकिरी रंग. मग मोबाइल 'स्लो मोशन'वर टाका. सेकंदाला १२० फ्रेम टिपा, २४ च्या चालीने दाखवा, म्हणजे सगळं पाचपट सावकाश. हलवायाचा झारा पाकातून वर येतो, जलेबीच्या कडेला एक थेंब जमतो, लांबतो, त्यात दुकानाचा दिवा उलटा चमकतो... आणि मग कुठे तो सुटतो.