डेर, डी, डास आणि मराठी कान

चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. जर्मनच्या पहिल्या पातळीच्या वर्गात ही तिकडी लवकरच फळ्यावर येते आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, ‘पण का?’ या ‘का’ला उत्तर नाही. मराठीत चमचा तो आणि सुरी ती का, यालाही नाही. परक्या भाषेतून आलेल्या शब्दांचंसुद्धा आपण परस्पर ठरवून टाकलं: बस ती, ट्रक तो, टेबल ते. शाळेत जाण्याआधीच मराठी मूल हे सगळं न अडखळता वापरत असतं.

जर्मनच्या वर्गात मात्र हे भांडवल बाहेर ठेवलं जातं. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन ही नावं घरोघरी माहीत असतात. तरीही बरेच विद्यार्थी नवा जर्मन शब्द आधी इंग्रजीत नेतात आणि मग समजून घेतात. इंग्रजीत वस्तूंना लिंगच नाही, त्यामुळे तीन लिंगं हे नवंच संकट वाटू लागतं. ‘किल्ली कुठे आहे?’ या प्रश्नाला घरी ‘ती टेबलावर आहे’ असं सहज सांगणारी मुलगी वर्गात ‘एस’ म्हणते, म्हणजे नपुंसकलिंगी सर्वनाम वापरते. जर्मन किल्ली ‘डेर श्ल्युसेल’, तिच्यासाठी ‘एर’ हवं. इथे चूक जर्मनची नाही. मराठीला वगळून इंग्रजीच्या वाटेनं गेल्याची आहे.

मराठी आणि जर्मन लिंगं जुळतात असा याचा अर्थ नव्हे. जर्मन सूर्य स्त्रीलिंगी आहे, दार स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसकलिंगी. मराठी लिंग जर्मन शब्दाला चिकटवलं तर हमखास फसगत होते. जुळते ती यंत्रणा, आणि काही ठिकाणी ती थक्क व्हावं इतकी जुळते.

पिल्लांची नावं घ्या. कोकरू, वासरू, शिंगरू, लेकरू ही सगळी मराठीत नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये डास लाम, डास काल्ब, डास फोलेन, डास किन्ड. कोंबडीचं पिल्लूही डास क्यूकेन. (कुत्र्याचं पिल्लू तेवढं डेर वेल्पे.) खाणं, वाचणं, पोहणं ही क्रियापदापासून झालेली नामं मराठीत नपुंसकलिंगी, जर्मनमध्येही डास एसेन, डास लेझेन, डास श्विमेन. जोडशब्दाचं लिंग शेवटचा शब्द ठरवतो. देव तो, पण देवघर ते. हात तो, पण हातगाडी ती. जर्मनमध्ये घर ‘डास हाउस’, दार ‘डी ट्यूर’ आणि किल्ली ‘डेर श्ल्युसेल’. तिन्ही जोडून घराच्या दाराची किल्ली होते ‘डेर हाउसट्यूरश्ल्युसेल’. शब्द कितीही लांबला तरी शेपटाकडे पाहायचं.

मुलगी ‘डास मेडशेन’ कशी, यावर तर प्रत्येक तुकडीत वाद होतो. ‘शेन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की नाम नपुंसकलिंगी होतं. टेबल ‘डेर टिश’, छोटंसं टेबल ‘डास टिशशेन’. सिंधुदुर्गातून किंवा गोव्यातून आलेल्या विद्यार्थ्याला यात नवल वाटायला नको. मालवणीत मुलीला नपुंसकलिंगी ‘ता चेडू’ म्हणतात आणि गोव्याच्या कोंकणीतही लहान मुलीला ‘तें’ लागतं.

शेवटच्या अक्षरांवरून लिंग ओळखण्याची सवयही आपल्याला आहे: घोडा, घोडी, भांडं. जर्मनमध्ये उंग, हाइट, काइट, शाफ्ट, टेट या प्रत्ययांची नामं स्त्रीलिंगी असतात. डी त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, डी वोनुंग म्हणजे राहती जागा. शेवटी ‘ए’ असलेली बहुतेक नामं स्त्रीलिंगी, जसं डी लाम्पे, डी ब्लूमे. पण चीज डेर केझे आणि डोळा डास आउगे. ईकारान्त असूनही पाणी नपुंसकलिंगी आणि हत्ती पुल्लिंगी मानणाऱ्यांनी या अपवादांवर चिडू नये. खुद्द जर्मन भाषकांचंही सगळीकडे एकमत नसतं: प्रमाण भाषेत लोणी ‘डी बुटर’, पण बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या बोलीत ‘डेर बुटर’ ऐकू येतं.

खरी कसोटी विभक्तीत लागते. ‘डी गाबेल’ घोकून पक्कं झालेलं असतं, तेवढ्यात ‘काट्याने’ यासाठी ‘मिट डेर गाबेल’ समोर येतं. वर्गात शांतता पसरते. ‘डेर’ तर पुल्लिंगी ना? ‘मिट’नंतर चतुर्थी येते आणि चतुर्थीत स्त्रीलिंगी ‘डी’चं ‘डेर’ होतं, ‘डेर’ आणि ‘डास’चं ‘डेम’. ‘मी मुलाला चमचा देतो’ म्हणजे ‘इश गेबे डेम किन्ड डेन ल्योफेल’. मराठीत ‘ने’ किंवा ‘ला’ लागण्याआधी नामच रूप बदलतं, काटा-काट्याने, मूल-मुलाला. जर्मनमध्ये हा बदल बहुतांशी आर्टिकल, म्हणजे नामाआधीचं डेर-डी-डास, सोसतं. लिंग चुकलं तर पुढची सगळी रूपं चुकतात, म्हणून पाया पहिल्या महिन्यातच घट्ट हवा.

बरेच विद्यार्थी वहीत तीन लिंगांसाठी निळा, लाल, हिरवा असे तीन रंग वापरतात. ते चांगलंच, पण रंग डोळ्यांना आठवतात आणि बोलताना कान लागतो. ‘आइन ग्रोसर टिश, आइने ग्रोसे ट्यूर, आइन ग्रोसेस फेन्स्टर’ हे मोठ्यानं म्हणून पाहा. मोठा, मोठी, मोठं हीच चाल आहे. इथे विशेषणाच्या शेवटालाच लिंग ऐकू येतं आणि मराठी कानाला ते ऐकायची सवय आहे.

म्हणून शिक्षकांना एक विनंती: पहिल्या आठवड्यात एक तास मराठीला द्या, कोकरू-वासरू, खाणं-वाचणं, मोठा-मोठी-मोठं फळ्यावर लिहा आणि शेजारी जर्मन मांडा. आणि शिकणाऱ्यांनी नवं नाम एकटं कधीच लिहू नये. आर्टिकल, अनेकवचन आणि एक विशेषण अशी पूर्ण ओळ लिहावी आणि ती तोंडानं म्हणावी.