मादलेनची झाली मीरा!

सेवाग्रामला कधीतरी गेला असालच. शाळेच्या सहलीत नाहीतर मित्रांच्या गाडीवर ट्रिपल सीट. बापू कुटीसमोर फोटोही काढला असेल. पण ही कुटी आधी कुणाची होती, माहितेय? मीराबेनची! आणि मीराबेनचं पाळण्यातलं नाव होतं मॅडलिन स्लेड.

१८९२ साली जन्मलेली ही ब्रिटिश अ‍ॅडमिरलची लेक. पोरगी इंग्रज, नाव मात्र फ्रेंच. फ्रेंच लोक म्हणतात 'मादलेन'. याच नावाचा शिंपल्याच्या आकाराचा छोटा केकही असतो. पण नावाचं मूळ फ्रान्समध्ये नाही. लॅटिन, ग्रीक असा माग काढत गेलं, की आपण पोचतो थेट गालील समुद्राकाठच्या मग्दला गावात. बायबलमधली मग्दालीया मरीया इथलीच. आपल्याकडे आर्वीचे ते आर्वीकर, तशी मग्दलाची ती मग्दालीया. गावाच्या नावामागे हिब्रू 'मिग्दल', म्हणजे बुरूज. गंमत बघा, चित्रकारांनी मरीयेला इतकं रडताना रंगवलं, की इंग्रजीत याच नावावरून रडवेपणासाठी 'मॉडलिन' हा शब्द आला. बुरूजही तोच, आसवंही तीच!

आपली मॅडलिन मात्र बुरुजाच्या जातीची. रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाकडून तिला गांधीजी कळले. मग वर्षभर तिने स्वतःला तयार केलं. सूतकताई शिकली, मांसाहार सोडला, जमिनीवर झोपली. ७ नोव्हेंबर १९२५ ला ती साबरमतीला पोचली. राजवाडा सोडून निघालेल्या मीराबाईचं नाव बापूंनी तिला दिलं.

पुढे वर्ध्याजवळच्या सेगावात ती बापूंच्याही आधी राहायला गेली. तिने उभारलेल्या मातीच्या कुटीत नंतर बापू राहू लागले आणि तिची 'बापू कुटी' झाली. गावाचंही नाव टिकलं नाही. टपाल सारखं बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० साली सेगावचं 'सेवाग्राम' झालं. बाई, घर, गाव... तिघांचीही नावं बदलली!

आता एक प्रश्न तुम्हाला. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात. कित्येक घरांत तिला कुणी विचारतही नाही. मीरा हे नावही दुसऱ्यानेच दिलं होतं. मग फरक काय? फरक एवढाच, की तेहतिशीच्या उंबरठ्यावरच्या मॅडलिनने वाट स्वतः निवडली होती. नाव नंतर आलं.

१९५९ साली तिने भारत सोडला. १९८२ साली ऑस्ट्रियात ती गेली. पण पुढच्या वेळी बापू कुटीत जाल, तेव्हा फोटोआधी भिंतींकडे बघा. मातीत उठवलेली ताडाची झाडं दिसतील. ती मीराबेनच्या हातची आहेत. खाली नाव कोरलेलं नाही.

आणि हो, घरी गेल्यावर आजीला विचारा, लग्नाआधी तिचं नाव काय होतं?