सायकलीचा रक्तदाब

जुनी वस्तू विकत घेणाऱ्या माणसाला दोन तऱ्हेचे शेजारी लाभतात. "फार स्वस्तात मिळाली हो तुम्हाला!" असे म्हणणारे एक, आणि "एवढे पैसे मोजलेत?" म्हणून भुवया उंचावणारे दुसरे. पहिले लोक पहिल्या आठवड्यात येऊन जातात. वस्तू बिघडली की दुसऱ्यांची रीघ लागते. गेल्या ज्येष्ठात मी विजेवर चालणारी एक वापरलेली सायकल घेतली, आणि मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या सोसायटीत या दोन्ही तऱ्हांचा यथास्थित अनुभव घेतला.

सायकल हौसेने घेतली नव्हती. आमची सौभाग्यवती घरी फराळाचे करून देते. कनाकियापासून शांतीनगरापर्यंत गिऱ्हाईक आहे, आणि डबे पोचवण्याचे खाते निवृत्तीनंतर साहजिकच माझ्याकडे आले. गुडघे साध्या सायकलीला तयार नाहीत. रिक्षा केली तर पाव किलो चकलीचा नफा मीटरमध्येच जिरतो. विजेच्या सायकलीचे त्यातल्या त्यात बरे असते. मोटार २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ती मोटार-वाहनात जमाच होत नाही. नोंदणी नको, परवाना नको. वापरलेली घेताना मात्र मोटारीवरचा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचून घ्यावा.

दोन महिने सायकल गुणाने चालली. मग गणेशचतुर्थी उजाडली. एकावन्न उकडीचे मोदक, तेही गरम पोचवायचे, असे मागे बांधून मी उड्डाणपुलाचा चढ चढू लागलो. अर्ध्या चढावर मोटारीने एक उसासा टाकला आणि मान टाकली. हँडलवरच्या तबकडीवर घरून निघताना बॅटरीच्या चार रेघा होत्या, आता एकच. उतरून ढकलू लागलो. मिनिटाभराने पाहतो तो रेघा पुन्हा चार! बसलो, वीस पावले गेलो, पुन्हा एक. मोदक पोचले तेव्हा कोमट होते. आरती थांबवून धरली होती, हे यजमान बोलले नाहीत. पण घरातल्या आजींच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी सायकल एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदाराने मीटर लावून पाहिला आणि निदान केले, "काका, बॅटरी गेली. नवीन नऊ हजार." मी भीतभीत विचारले, "पण मीटर तर ४० व्होल्ट दाखवतोय?" यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. सौभाग्यवती तेवढे ऐकून म्हणाली, "नऊ हजार म्हणजे माझ्या दिवाळीतल्या सगळ्या करंज्या झाल्या हो!" आणि ती पुढे काही बोलली नाही. तिचे न बोलणे महागात पडते, हे मला तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे.

अशा वेळी माझे मेहुणे उपयोगी पडतात. भाईंदरला राहतात, आयुष्यभर कारखान्यात वायरमन होते आणि आता जगातल्या प्रत्येक बिघाडावर त्यांचे स्वतंत्र मत असते. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "बंद पडते तेव्हा तबकडी विझते, की तशीच राहते?"

प्रश्न साधा वाटतो, पण अर्धे निदान त्यात आहे. तबकडी साफ विझत असेल तर बॅटरीकडून येणारा रस्ताच कुठेतरी तुटला, असे समजावे. तबकडी नीट उजळलेली, रेघाही पूर्ण, आणि मोटार तेवढी मुकी, असे असेल तर संशय ब्रेकच्या दांडीवर घ्यावा. ब्रेक दाबताच मोटार बंद व्हावी म्हणून त्या दांडीत एक छोटा स्विच असतो. पावसात तो अडकला की सायकलीला वाटते, मालकाने ब्रेक धरूनच ठेवला आहे! किंवा मग मोटारीच्या पोटातले चुंबक कुठे आहेत हे सांगणारे सूक्ष्म हेर बिघडलेले असतात. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली शोधलेल्या तत्त्वावर ते चालतात; मुठीतल्या पिळातही बहुधा तोच कारभार असतो.

आमच्या सायकलीत यातले काहीच नव्हते. तबकडी जागी होती, फक्त रेघा खाली-वर होत होत्या. म्हणजे वीज येत होती, पण जोर केला की तिचा दाब पडत होता. दुकानदाराचे बॅटरीवर बोट गेले ते अगदीच चुकीचे नव्हते. म्हातारी बॅटरी नेमके असेच करते. पण दाब पाडणारी ती एकटीच नसते, हे पाहण्याचे कष्ट त्याने घेतले नव्हते.

"भाऊजी," मेहुणे म्हणाले, "झोपलेल्या माणसाची नाडी बघून तो डोंगर चढेल की नाही, ते सांगता येतं का? चढावर मोजा."

मग त्यांनी बॅटरीचे गणित समजावले. ३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत दहा घरे एकामागे एक जोडलेली असतात. पूर्ण भरलेले घर ४.२ व्होल्टचे, म्हणजे सगळी मिळून ४२. उतरत उतरत ती ३१ च्या आसपास आली की सायकलीचा नियंत्रक मोटार बंद करतो, बॅटरी अगदी कोरडी पडू नये म्हणून. (कुणाची सायकल महिनोन् महिने अडगळीत पडून बॅटरी २५ व्होल्टच्याही खाली गेली असेल, तर "डायरेक्ट चार्ज करून उठवतो" म्हणणाऱ्या उत्साही माणसाला हात जोडून परत पाठवावे. तशा घरांत आतल्या आत जोड पडून आग लागू शकते.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मीटर चिकटपट्टीने हँडलला बांधला. लांब तारा घेतल्या आणि त्यांची टोके एकमेकांना भेटू नयेत म्हणून नीट गुंडाळली, कारण या बॅटरीची दोन टोके चुकून भिडली तर तार क्षणात लाल होते. तारा प्रथम बॅटरीच्या तोंडाशी जोडल्या आणि मी गाडीतळाच्या उतारावरून वर चढू लागलो. आमच्या वॉचमनने हे पाहिले आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "काका, सायकलीचं बीपी बघताय काय?"

खरेच ते बीपी होते. उभ्या सायकलीचा आकडा ४०, चढावर ३८. दोन व्होल्टची घसरण वयाच्या मानाने ठीकच! मग तारा काढून नियंत्रकाच्या तोंडाशी जोडल्या. उभ्या सायकलीला तोच आकडा, ४०. चढाला लागलो, आकडा घसरला, ३३, ३२, जरा थरथरला, आणि ३१ ला मोटार गप्प. म्हणजे बॅटरीतून निघालेले ३८ व्होल्ट दीड-दोन हाताच्या तारेत कुणीतरी मधल्या मध्ये खात होते.

या चोरीचा कायदा जॉर्ज ओम या जर्मन शिक्षकाने १८२७ सालीच पुस्तकात मांडून ठेवला आहे. त्या वेळी त्याचे फारसे कौतुक झाले नाही, ही गोष्ट वेगळी. प्रवाह नसेल तर वाटेतला अडथळा काहीच दाब खात नाही. म्हणून उभ्या सायकलीत दोन्हीकडे सारखाच आकडा. चढावर मात्र अशी सायकल दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचते. वाटेत ०.६ ओहमचा एवढासा अडथळा असला, तरी सहा व्होल्ट गेले. आणि ते नुसते जात नाहीत. सहा व्होल्ट गुणिले दहा अँपिअर म्हणजे ६० वॅट उष्णता! आपल्या लहानपणीचा साठाचा पिवळा दिवा बसल्या जागी पेटल्यासारखेच ते.

ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थाला १८९५ च्या ३१ डिसेंबरला विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. मोटार मागच्या चाकात, बॅटरी सांगाड्यात. पण ती बॅटरी होती १० व्होल्टची आणि मोटार १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेणारी. इतक्या प्रवाहाला नखाएवढा गंजही परवडला नसता. आजच्या सायकली ३६ किंवा ४८ व्होल्टच्या करतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मेहुण्यांनी चढून आलेल्या सायकलीच्या तारेवरून हळूहळू बोट फिरवले आणि एके ठिकाणी "हाय!" करून मागे घेतले. तिथे फ्यूजची डबी होती. तिचे प्लास्टिक एका कडेने वितळले होते. उघडली, तर आत फ्यूज नव्हताच! आधीच्या मालकाने, किंवा त्याच्या कुणा मेकॅनिकने, तिथे तांब्याच्या तारेचा पीळ देऊन ठेवला होता. पीळ सैल झाला होता आणि त्यावर हिरवी बुरशी चढली होती. आमच्या या भागाला मिठागरांचा शेजार आणि खाडीचा वारा. त्यात एक पावसाळा गेलेला. तांब्याचे दुसरे काय होणार?

मला वाटले, संपले. नवा फ्यूज बसवू आणि जाऊ. मेहुणे मात्र गंभीर झाले होते. "फ्यूज उगाच उडत नाही, भाऊजी. तो का उडाला होता ते आधी शोधा." अर्धा तास शोधल्यावर सापडले. तार सांगाड्याच्या भोकातून आत जाते तिथे घासून तिचे आवरण गेले होते, आणि उघडे तांबे लोखंडापासून दोन केसांच्या अंतरावर होते. ते कधीतरी भिडले असणार, फ्यूज आपले काम करून गेला असणार, आणि त्या प्रामाणिक नोकराच्या जागी कुणीतरी न उडणारी तार नेमली. ती सायकल मी तीन महिने रात्री दारातच, बाहेर जायच्या एकमेव वाटेवर उभी करत होतो. आत नातू झोपलेला असे. हे सौभाग्यवतीला त्या दिवशी सांगितले नाही. आता छापून आल्यावर कळेलच.

घासलेली तार बदलली, भोकाला रबराचे कडे बसवले, नवी डबी घेऊन तीत नियंत्रकाला साजेसा २० अँपिअरचा फ्यूज घातला, जोडांना डाख दिला. सगळे मिळून दोनशे रुपयांच्या आत आटोपले. (मेहुण्यांना घातलेले श्रीखंड-पुरीचे जेवण वेगळे.) पुन्हा चढावर मोजले. बॅटरीपाशी ३८, नियंत्रकापाशी साडेसदतीस. सायकलीचा मुक्काम मात्र दारातून हलवून खाली गाडीतळावर नेला. बॅटरी तेवढी वर आणतो, आणि घरात कुणी जागे असतानाच भरतो.

सध्या दिवाळीच्या डब्यांची धांदल आहे. काल उड्डाणपुलावरून चकलीचे बारा डबे नेले आणि चारही रेघा शेवटपर्यंत जागच्या जागी राहिल्या. मीटर अजून हँडललाच बांधलेला आहे, कारण आकडा पाहिल्याशिवाय मला आता चैन पडत नाही. निघताना आतून आवाज आला, "अहो, तो यंत्राचा डबा सोडा आधी तिथून. तिथे कडबोळ्यांची पिशवी लावायचीय."