आगकाड्या आणि हजेरीपट

कलेच्या इतिहासात 'पहिला कोण' या प्रश्नाला आपण वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतो. 'राजा हरिश्चंद्र' हा कथापट दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पडद्यावर आणला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच फाळक्यांनी पुढे दोनच वर्षांनी आगकाड्यांना पडद्यावर चालवून दाखवले आणि ज्याला आज आपण ॲनिमेशन म्हणतो त्या कलेचा या देशात श्रीगणेशा केला, हे त्या मानाने थोड्यांना माहीत असते. परंतु पहिल्यानंतर दुसरा कोण, तिसरा कोण आणि ते येण्यास इतका काळ का लागला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक असल्यामुळे त्याला हेच प्रश्न अधिक मोलाचे वाटतात. कारण एखाद्या कलेचा जन्म एका माणसाच्या प्रतिभेने होऊ शकतो, परंतु त्या कलेत काम करणाऱ्यांची पिढी निर्माण व्हावयाची असेल तर निराळीच सामग्री लागते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मानोऱ्यात दूरदर्शन संच मोजक्याच घरी होते. (त्या वेळी मानोरा अकोला जिल्ह्यात होते, वाशिम जिल्हा १९९८ साली झाला.) अशाच एका घराच्या ओसरीत बसून आम्ही मुलांनी 'एक, अनेक और एकता' हा छोटा चित्रपट कितीदा तरी पाहिला. पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणाऱ्या त्या चिमण्या माझ्या वयाच्या असंख्य मास्तरांना आणि कारकुनांना आजही आठवत असतील. ही चित्रे कोणी तरी हाताने काढली आहेत, त्या माणसाला त्याचा पगार मिळाला असेल, त्याला ते कोणी तरी शिकवले असेल, हे तेव्हा अर्थातच मनात आले नाही. आज मात्र तेच मनात येते, आणि त्याला एक कारण घडले आहे. ते पुढे सांगतो.

एकट्याचा उद्योग

फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची चित्रे थोड्या थोड्या वेळाने घेतली आणि सगळे रोप क्षणार्धात उगवून वर येताना दाखवले. एकेक चौकट थांबून थांबून टिपावयाची आणि ती सलग दाखवावयाची, हेच ॲनिमेशनचे मूळ तत्त्व आहे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, कच्च्या फिल्मची आयात अडखळली आणि पैशाची ओढाताण झाली. मोठे चित्रपट काढणे दुष्कर झाले, तेव्हा १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढली. काडी किंचित सरकवावयाची, एक चौकट टिपावयाची, पुन्हा काडी सरकवावयाची, असा तो उद्योग. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली आगकाड्यांचा असाच खेळ पडद्यावर दाखवला होता. म्हणजे कालमानाने आपण जगाच्या फार मागे नव्हतो. 'लक्ष्मीचा गालिचा' या लघुपटात फाळक्यांनी नाण्यांकडून हेच काम करून घेतले.

एवढे असूनही फाळक्यांच्या या उद्योगातून व्यंगचित्रपटकारांची परंपरा सुरू झाली नाही. 'आगकाड्यांची मौज' आज पाहावयासही उपलब्ध नाही. त्यानंतर लक्षात राहावे असे प्रयत्न दिसतात ते एकदम १९३४ साली. त्या वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचा 'पी ब्रदर्स' प्रदर्शित केला, आणि पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत रघुनाथ केळकर यांनी 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा व्यंगचित्रपट केला. १९३९ साली जी. के. गोखले यांचा 'सुपरमॅन्स मिथ' आला. 'प्रभात'सारख्या त्या काळच्या बलाढ्य संस्थेलाही व्यंगचित्रपटाचा स्वतंत्र आणि कायम विभाग उभा करता आला नाही. प्रत्येक प्रयत्न एकेकट्याचा राहिला आणि त्या माणसाबरोबर थांबला.

असे का झाले, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. बोलपट दर सेकंदास २४ चौकटींनी चालतो. दहा मिनिटांच्या चित्रपटात १४,४०० चौकटी येतात. एक चित्र दोन चौकटींपुरते वापरावयाचे ठरवले तरी ७,२०० चित्रे लागतात. समजा, एक चित्रकार दिवसाला ३० चित्रे काढू शकतो. तर त्याला २४० दिवस लागतील, म्हणजे सुट्या वगळता जवळजवळ वर्ष. यात पारदर्शक तावांवर शाईने रेखाटणे, रंग भरणे, मागचे देखावे रंगवणे, छायाचित्रण आणि ध्वनी धरलेला नाही. आता हा वर्षभराचा खर्च करून जो माल तयार होतो तो दहा मिनिटांचा. प्रेक्षक तिकीट काढतो ते तीन तासांच्या कथापटाचे; त्याच्या आधी दाखवल्या जाणाऱ्या दहा मिनिटांच्या तुकड्यासाठी तो वेगळा पैसा मोजत नाही. खर्च मोठा, तो आधी करावयाचा, आणि उत्पन्नाची शाश्वती नाही, असा हा धंदा. अशा धंद्यात खाजगी भांडवल एकदा हौसेने उतरते, दुसऱ्यांदा उतरत नाही.

हजेरीपटावरची कला

ही कोंडी फुटली ती १९५६ साली, मुंबईत. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग काढला आणि अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यातून क्लेअर वीक्स हे गृहस्थ शिकवण्यासाठी आले. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेल्या वीक्स यांनी डिस्नेच्या कारखान्यात 'स्नो व्हाइट', 'बॅम्बी' या चित्रपटांवर काम केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली 'द बनियन डिअर' तयार झाला. कथा निवडली ती जातकातली. ज्या जातककथा अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत, त्यांपैकीच एक.

त्या विभागात कोण होते ते पाहावे. एकट्याने व्यंगचित्रपट करून पाहिलेले गोखले होते. रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले राम मोहन हे तरुण गृहस्थ १९५६ सालीच येऊन दाखल झाले. ओडिशाचे प्रमोद पती होते. त्यांनी प्रागला जाऊन यिरी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांच्या चित्रपटाचे शिक्षण घेतले आणि पुढे 'आबिद' या लघुपटात जिवंत माणसालाच आगकाडीसारखे चौकटी-चौकटीने हलवून दाखवले. १९६१ साली भीमसेन हे पार्श्वचित्रे रंगवण्यासाठी आले आणि राम मोहन यांच्या हाताखाली ॲनिमेशन शिकले.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. भीमसेन बाहेर पडले. त्यांच्या 'द क्लाइंब'ला शिकागोच्या महोत्सवात रौप्य ह्यूगो मिळाला, आणि १९७४ साली त्यांनी विजया मुळे यांच्याबरोबर तोच 'एक, अनेक और एकता' केला, ज्यातल्या चिमण्या मानोऱ्याच्या ओसरीवर उतरल्या. राम मोहन साठच्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडले आणि १९७२ साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मधला व्यंगचित्रांचा भाग त्यांचा. युनिसेफच्या 'मीना' या मुलीला रूप देण्यात त्यांचा वाटा. भारत-जपान सहकार्यातून झालेल्या 'रामायण'चे एक दिग्दर्शक तेच. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या शिष्यांचे शिष्य या व्यवसायात होते.

म्हणजे १९१५ पासून ४१ वर्षांत जे झाले नाही ते पुढच्या १५ वर्षांत झाले. यात प्रतिभेचा फरक होता असे कोण म्हणेल? फाळक्यांपेक्षा कल्पक माणूस फिल्म्स डिव्हिजनच्या हजेरीपटावर खासच नव्हता. फरक तीन गोष्टींचा होता. शिकत असताना पगार मिळत होता. शिकवणारा जाणकार शेजारी बसलेला होता. आणि झालेले काम दाखवण्याची हमी होती. परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवावा लागे, आणि त्यासाठी उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का भाडेही भरावे लागे. खाजगी भांडवलाला जी शाश्वती नव्हती ती येथे कायद्याने निर्माण केली गेली.

आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, सरकारी आश्रयाने निपजलेली कला ती कसली? लहान कुटुंबाची आणि अल्पबचतीची शिकवण देणाऱ्या त्या लघुपटांच्या वेळी प्रेक्षक चहा पिण्यास बाहेर उभे राहत, हे खरेच आहे. नोकरशाहीच्या चौकटीत काम करणाऱ्यांचा जीव घुसमटला असेल, हेही नाकारता येत नाही. उत्तम माणसे बाहेर पडली, याचा तोही एक अर्थ आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे बाहेर पडणे हे अपयश नव्हे. खाजगी कारखानदार उमेदवाराला शिकवण्यास कचरतो, कारण शिकलेला माणूस उद्या दुसऱ्याकडे जाईल आणि आपला खर्च वाया जाईल, अशी त्याला भीती असते. सरकारचे तसे नाही. शिकलेला माणूस कोठेही गेला तरी तो समाजातच राहतो, आणि एकाच्या शिक्षणाचा लाभ दहांना होतो. असा लाभ बाजाराच्या हिशेबात धरला जात नाही, म्हणूनच तो सार्वजनिक खर्चातून साधावा लागतो.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता खिशातल्या फोनवर व्यंगचित्रपट करता येतो, तो फुकट जगाला दाखवता येतो. किंबहुना यंत्रच चित्र काढून देते. मग पगार आणि गुरू कशाला? याचे उत्तर म्हणून सुरुवातीला उल्लेखिलेले कारण सांगतो. आमच्या तालुक्यातील एका तांड्यावरचा माझा एक विद्यार्थी होता. अर्थशास्त्राच्या वहीच्या कोपऱ्यात तो बैल काढी, आणि पाने भराभर उलटली की बैल चालू लागे. पदवीनंतर वडिलांनी कर्ज काढून त्याला शहरातल्या एका खाजगी वर्गात ॲनिमेशन शिकावयास घातले. दीड वर्षाने तो परतला तो काही संगणकप्रणालींची नावे आणि एक प्रमाणपत्र घेऊन. तेथे कोणी त्याला चित्र काढावयास लावले नव्हते, आणि ज्यांनी शिकवले त्यांनी स्वतः एकही चित्रपट केला नव्हता. आज तो लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फलक करून देतो. ते काम हलके आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या मुलाजवळ फोन होता, यंत्र होते, जगाला दाखवण्याची फुकट सोय होती. नव्हती ती पगारावर शिकण्याची दोन वर्षे आणि शेजारी बसलेला राम मोहन.

धोरणापुढचा प्रश्न

फिल्म्स डिव्हिजन आता स्वतंत्र राहिलेली नाही. २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुंबईत पेडर रोडवरील त्याच आवारात २०२५ साली नव्या दृश्यतंत्रांच्या शिक्षणाची एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली, आणि त्याच वर्षी राज्य शासनाने ॲनिमेशन व तत्सम उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु अशा धोरणांत गुंतवणुकीचे आकडे, जमिनीच्या सवलती आणि रोजगाराची उद्दिष्टे यांचीच चर्चा अधिक होते. हे सारे आवश्यक असेल. १९५६ चा धडा मात्र निराळा आहे. त्या वेळी इमारतीच्या आधी माणसे घेतली गेली आणि त्यांना शिकण्यासाठी पगार दिला गेला.

तेव्हा सवलतींच्या रकमेतील लहानसा हिस्सा जरी जिल्ह्याजिल्ह्यांतील होतकरू मुलांच्या सवेतन उमेदवारीसाठी राखून ठेवला, तरी मोठे काम होईल. त्यांनी केलेल्या लघुपटांना दूरदर्शनने ठराविक वेळ द्यावी. त्यांत आमची वऱ्हाडी यावी आणि पोहरादेवीच्या यात्रेला जमणाऱ्या बंजारा समाजाची गोरमाटीही यावी. आणि या सर्वांच्या मुळाशी जो आहे त्या चित्रकला शिक्षकाला विसरू नये. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना आजही खेड्यापाड्यांतील मुले बसतात, परंतु कित्येक शाळांत चित्रकलेचा तास ज्याच्या वाट्याला येईल तो शिक्षक घेतो. जी मुले तेथे हेरली जावयाची ती तेथेच निसटतात.

फाळक्यांची फिल्म काळाच्या ओघात गेली. ती आता परत मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. वहीच्या कोपऱ्यात बैल चालवणारी मुले मात्र दरवर्षी आमच्या वर्गांत येतात. त्यांच्यापैकी कोणाचे नाव कोणत्या हजेरीपटावर लागणार, एवढाच प्रश्न आहे, आणि तो सोडवणे प्रतिभेच्या नव्हे, शासनाच्या आणि समाजाच्या हाती आहे.