पॅटिओवरचं छत आणि वणवा : गैरसमज व वस्तुस्थिती

“ॲल्युमिनियम जळत नाही. पॅटिओवर ॲल्युमिनियमचं छत घातलं की वणव्याची चिंता मिटली!” कॅलिफोर्नियात डोंगराच्या कडेला घरं घेतलेल्या आपल्या लोकांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय, की आता राग येतो. यातला पहिला भाग खरा आहे आणि त्याच्याच जोरावर दुसरा, साफ चुकीचा भाग खपून जातो.

घरं पेटतात ती बहुतेकदा वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. अमेरिकी विमा कंपन्यांच्या पाठबळावर चालणारी आयबीएचएस ही संस्था साउथ कॅरोलिनात पूर्ण आकाराच्या घरांवर निखाऱ्यांचा मारा करून चाचण्या घेते. वणव्यात नुकसान झालेल्या घरांपैकी ९० टक्क्यांपर्यंत घरांत सुरुवात निखाऱ्यांपासून होते, असं ती सांगते. शंका असेल तर नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात सापडलेल्या, कॅलिफोर्नियातल्याच पॅराडाइज गावाचे फोटो पाहा. त्या वणव्यात ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती नष्ट झाल्या. पण राख झालेल्या कित्येक घरांशेजारी हिरवी झाडं तशीच उभी होती. आग मैलभर लांब आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते या उडत्या निखाऱ्यांमुळेच.

आता आपल्या छताकडे या. ते भिंतीला जिथे टेकतं, तो सांधा शिडी लावून बघा. वर्षभराचा पाचोळा आणि पाइनच्या सुया नेमक्या त्याच कोपऱ्यात साचलेल्या असतात. निखारा तिथे अडकतो, सुया धुमसतात आणि वळचणीचं लाकूड पेट घेतं. पत्रा जळत नाही, घर जळतं!

छताखाली वेताचा सोफा, फोमच्या गाद्या, काथ्याचं पायपुसणं. यातलं काहीही पेटलं तर वर जाणारी उष्णता छताखाली कोंडते आणि भिंतीकडे, काचेच्या दाराकडे पसरते. काच तडकली की आग घरात शिरली.

शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पॅराडाइजमध्ये गाड्यांच्या चाकांचं ॲल्युमिनियम वितळून रस्त्यावर ओघळलं होतं. पोलाद याहून कितीतरी जास्त तापमानाला टिकतं. ऊन अडवणाऱ्या जाड पॅनेलमध्ये तर दोन पत्र्यांच्या मधे अनेकदा चक्क थर्मोकोल असतो. मग “धातूचं छत” म्हणून कशाची खात्री द्यायची?

इतर समजुती थोडक्यात :

“आगरोधक रंग दिला की कुठलंही लाकूड चालतं.” नाही. वणवाप्रवण भागासाठीची कॅलिफोर्नियाची बांधकाम संहिता नुसता रंग किंवा लेप संरक्षण म्हणून मान्य करत नाही. रसायन दाबाने आत मुरवलेलं आणि बाहेरच्या वापरासाठी प्रमाणित केलेलं लाकूडच घ्या.

“लाकूड म्हटलं की संपलंच.” तसंही नाही. जाड तुळई बाहेरून कोळसा होत हळूहळू, तासाला साधारण ४ सेंटिमीटर या वेगाने जळते. धोका पर्गोलाच्या पातळ पट्ट्यांचा.

“पॉलिकार्बोनेट सहसा पेटत नाही.” पण दीडशे अंशांच्या आसपास मऊ होऊन खाली लोंबतं. व्हिनाइल तर १०० अंशांच्या आतच वाकतं.

“सावलीचं कापड आगरोधक आहे.” त्याची नेहमीची चाचणी छोट्या ज्वाळेवर होते, निखाऱ्यांच्या ढिगावर नाही. वणव्याचा इशारा आला की ते गुंडाळून घरापासून लांब ठेवा.

“वरचा थर क्लास ए आहे, बस्स.” काही आच्छादनांना हा, आगीला तोंड देण्याचा सर्वांत वरचा दर्जा खालच्या विशिष्ट थरासकटच मिळतो. खालचा थर बदलला, तर दर्जाही गेला.

म्हणून कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारा : पॅनेलच्या आत काय भरलंय? चाचणी नुसत्या पत्र्याची झाली की संपूर्ण रचनेची? भिंतीलगतचा सांधा धातूच्या पट्टीने बंद करणार का? उत्तरं लेखी घ्या. पोलादाचे खांब आणि पोलादी छत परवडत असेल तर जरूर घाला. मात्र त्याआधी घराभोवतीच्या पहिल्या ५ फुटांतून जळणारं सगळं हलवा, आणि उन्हाळा लागल्यापासून चांगला पाऊस पडेपर्यंत तो सांधा न चुकता झाडत राहा. एवढं केलं नाही, तर महागड्या छतावर घातलेले पैसे वाया गेले म्हणून समजा.