नात्याआधी कागद
परदेशी गेलेल्या समलिंगी जोडप्यात दुरावा आला की दोष स्वभावाला दिला जातो. माझ्या मते आधी कागद तपासावेत. भारतात २०१८ साली असे संबंध गुन्हा उरले नाहीत, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता नाकारली. त्यामुळे एकाला अमेरिकेचा एच-१बी व्हिसा मिळाला, तरी जोडीदाराच्या एच-४ या अवलंबितांच्या व्हिसासाठी लागणारं लग्नाचं प्रमाणपत्र इथे मिळत नाही. कॅनडा लग्नाशिवायही जोडीदार मानतो, मात्र वर्षभराच्या सहवासाचे पुरावे मागतो. घरच्यांपासून लपून राहणाऱ्यांकडे दोघांच्या नावाचा भाडेकरार कुठून असणार? कागद नसले की एक जण दुसऱ्यावर अवलंबून राहतो आणि दुरावा तिथून सुरू होतो. असं परावलंबन एच-४ वरच्या बायकांनाही जाचतंच, असा आक्षेप येईल. रास्त आहे. पण त्यांचं भांडण मिटवायला सासर-माहेर धावून येतं (तेही नेहमी सुखाचं नसतं). समलिंगी जोडप्याला तक्रार सांगायची तर आधी नातंच उघड करावं लागतं.